'वेदर' आणि 'क्लायमेट' : मराठीत दोन्हींना 'हवामान'च म्हणायचे का?

येरळाकाठ (तासगाव) – प्रश्न

नमस्कार. आमच्या भागातील द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी मी एका इंग्रजी माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करीत आहे. मजकूर चारच पानांचा आहे आणि भाषाही सोपी आहे. तीन पाने विनासायास झाली, पण चौथ्या पानावरील एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडून बसलो आहे. त्या वाक्याचा आशय असा की, बागायतदाराने 'वेदर'ची जोखीम आणि 'क्लायमेट'ची जोखीम यांत गल्लत करू नये, कारण पहिलीवर विमा, फवारणी आणि आच्छादन असे उपाय असतात, तर दुसरीसाठी वाणाची निवड, छाटणीचा काळ आणि प्रसंगी पीकच बदलण्याचा विचार करावा लागतो. मी सवयीने दोन्ही शब्दांसाठी 'हवामान' लिहीत गेलो आणि कागदावर वाक्य उतरले ते असे : 'बागायतदाराने हवामानाची जोखीम आणि हवामानाची जोखीम यांत गल्लत करू नये.' ते मोठ्याने वाचल्यावर घरातील सगळे हसले, आणि गल्लत नेमकी कोणाची झाली आहे ते माझ्याही ध्यानात आले.

योगायोगाने नववीतल्या मुलीच्या वहीतही हेच सापडले. तिने इंग्रजी निबंधात 'आमच्या तालुक्याचे वेदर कोरडे आहे' अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते आणि शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारून 'क्लायमेट' असे लिहिले होते. का, ते तिला सांगता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही धडपणे सांगता आले नाही. तेव्हा दोन गोष्टी विचारतो. या दोन शब्दांतील फरक केवळ काळाच्या लांबीचा आहे का, आणि असल्यास सीमा कोठे आखायची? आणि ज्या वाचकाला सकाळी बागेत जायची घाई आहे, त्याला एका वाचनात कळेल अशी मराठी शब्दांची जोडी कोणती?

भूगोलवाला (सातारा, निवृत्त शिक्षक)

येरळाकाठ यांस, आपल्या मुलीच्या शिक्षकांनी मारलेली रेघ योग्य आहे. अमुक ठिकाणी, अमुक वेळी वातावरणाची जी स्थिती असते, म्हणजे तापमान, पाऊस, वारा, ढग, आर्द्रता, हवेचा दाब, ती 'वेदर'. ती सकाळी एक आणि दुपारी दुसरी असू शकते. त्याच ठिकाणच्या अशा असंख्य स्थितींचा दीर्घकाळ मांडलेला हिशेब म्हणजे 'क्लायमेट'. त्यामुळे 'आमचा तालुका कोरडा आहे' हे विधान आजच्या दिवसाबद्दल नसून तालुक्याच्या प्रकृतीबद्दल आहे आणि तेथे दुसराच शब्द हवा.

दीर्घकाळ म्हणजे किती, याला जागतिक हवामान संघटनेने व्यवहारापुरते उत्तर दिलेले आहे : ३० वर्षे. सध्या १९९१ ते २०२० या काळाची सरासरी प्रमाण मानली जाते आणि दर दहा वर्षांनी हा कालखंड पुढे सरकवला जातो. हे ३० वर्षांचे बंधन निसर्गाने घातलेले नाही. एखादे अतिवृष्टीचे किंवा अवर्षणाचे वर्ष सगळा हिशेब बिघडवू नये इतका मोठा, आणि माणसाला हाताळता येईल इतका लहान, असा तो सोयीचा तुकडा आहे. आपला हवामान विभाग मॉन्सूनच्या अंदाजासाठी तर ५० वर्षांची सरासरी घेतो. १९७१ ते २०२० या काळातील जून ते सप्टेंबरच्या पावसाची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि 'यंदा सरासरीच्या इतके टक्के' असे आपण बातम्यांत ऐकतो तेव्हा मोजपट्टी ही असते. त्या एका वाक्यात दोन्ही शब्द एकत्र नांदतात हे पाहण्यासारखे आहे. पडलेला पाऊस हा 'वेदर'चा आणि ज्याच्याशी त्याची तुलना केली ती सरासरी 'क्लायमेट'ची.

मात्र 'क्लायमेट म्हणजे वेदरची सरासरी' ही व्याख्या आम्ही मुलांकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतली, ती अपुरी आहे असे मला आता वाटते. आमचाच जिल्हा पाहा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या माण तालुक्यात साधारण त्याचा दहावा हिस्सा. सरासरीने हा फरक कळतो. पण माणदेशच्या शेतकऱ्याला खरा प्रश्न सरासरीचा नसतो. पाऊस जून-जुलैत येणार की सप्टेंबरात, एकदा आला की किती दिवस ओढ देणार, आणि लागोपाठ दोन वर्षे कोरडी जाण्याचा संभव किती, हे त्याला हवे असते. हे चढउतार आणि त्यांची टोके हाही 'क्लायमेट'चाच भाग आहे. दोन गावांची सरासरी सारखी असूनही एक गाव भरवशाचे आणि दुसरे लहरी असू शकते.

मराठीपुरते सांगायचे तर शालेय भूगोलात 'वेदर'साठी 'हवा' आणि 'क्लायमेट'साठी 'हवामान' अशी जोडी आहे. ती पुस्तकात ठीक चालते. अडचण वर्गाबाहेर पडल्यावर सुरू होते, कारण उद्याचा पाऊस सांगणाऱ्या खात्याचे नावच हवामान खाते आहे.

बेदाणा शेड (कवठे महांकाळ)

मी भाषेचा जाणकार नाही, परंतु हा फरक आम्हांला दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पैशांत मोजावा लागतो, म्हणून लिहितो.

आमच्या भागात आणि तासगाव, जत या बाजूला बेदाण्याची एवढी शेड का उभी राहिली, याचे उत्तर 'क्लायमेट' हे आहे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेली द्राक्षे जाळीच्या रॅकवर पसरली की, ती सुकायला साधारण १२ ते १५ दिवस लागतात. त्या दिवसांत ऊन, वारा आणि मुख्य म्हणजे कोरडी हवा हे तिन्ही लागते. ते आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी हटकून मिळते. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांमुळे कृष्णेचे पाणी वर चढले आणि बागा वाढल्या, परंतु पाणी आले म्हणून हवा दमट झाली नाही, आणि बेदाण्याच्या दृष्टीने ते बरेच झाले. कोकणात उत्तम द्राक्ष आणून दिले तरी तेथे कोणी उघड्या रॅकवर बेदाणा करायला धजावणार नाही.

आता दुसरी बाजू. याच कोरड्या मुलखात मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून येते, वळवाची सर येते, आणि रॅकवरचा अर्धवट सुकलेला माल काळा पडतो. सौद्याला हिरव्या-पिवळ्या बेदाण्याचा दर वेगळा आणि काळ्याचा वेगळा. म्हणजे शेड कोठे बांधायचे ते 'क्लायमेट' पाहून ठरवायचे, आणि आज रात्री शेडचे पडदे सोडायचे की नाही ते 'वेदर' पाहून. बागेतही तसेच. फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास घ्यायची हा वाडवडिलांपासूनचा ठोकताळा 'क्लायमेट'वर बसवलेला आहे. फुलोऱ्यात पाऊस आला, डाऊनी (बुरशीचा रोग) आली, घड कुजले, हे त्या वर्षीचे 'वेदर'.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल एक सुचवतो. आमच्याकडे कोणीही 'आज हवामान खराब आहे' असे बोलत नाही. 'वातावरण खराब आहे', 'हवा पडली आहे', 'मळभ आहे', 'उघडीप मिळाली' असे म्हणतात. आणि एखाद्या गावाबद्दल बोलताना 'तिथले हवापाणी चांगले आहे', 'इकडचे हवापाणी मानवले नाही' असे म्हणतात. मला वाटते, हे हवापाणी म्हणजेच 'क्लायमेट'. त्या अर्थाचा शब्द आपल्याकडे आहेच, फक्त तो आपण कागदावर आणत नाही.

जाता जाता विम्याबद्दल. आमचा द्राक्षाचा विमा 'हवामान आधारित फळपीक विमा योजना' या नावाचा आहे. त्यात भरपाई ठरते ती बागेची पाहणी करून नव्हे. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने ठरावीक दिवसांत नोंदवलेला पाऊस, तापमान किंवा आर्द्रता यांवरून ती ठरते. म्हणजे येथे 'हवामान' हा शब्द स्वच्छपणे 'वेदर' या अर्थी आहे. माहितीपत्रकात विम्याचा उल्लेख असेल तर हे ध्यानात ठेवावे.

येरळाकाठ (तासगाव)

दोघांचेही आभार. शेड कोठे बांधायचे आणि पडदे कधी सोडायचे, हे उदाहरण आपली परवानगी असल्यास पत्रकात घेतो. परंतु एक शंका उरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असताना एवढे पाणी आले, ते 'वेदर' की 'क्लायमेट'? त्यापूर्वी २००५ ला पूर आला होता आणि नंतर २०२१ लाही आला. गावात बहुतेक जण 'हे सगळे हवामान बदलामुळे' असे म्हणून मोकळे होतात.

भूगोलवाला (सातारा)

एकेक पूर ही 'वेदर'ची घटना आहे. कृष्णा आणि कोयना यांच्या पाणलोटात त्या आठवड्यात किती पाऊस झाला, हा त्या आठवड्याचा हिशेब. असे आठवडे पूर्वीपेक्षा वारंवार येऊ लागले आहेत का, हा प्रश्न 'क्लायमेट'चा, आणि त्याचे उत्तर अनेक दशकांच्या नोंदींतून काढावे लागते. तीन पुरांच्या तीन सालांवरून ते निघत नाही. जगाचे तापमान वाढले की हवेत बाष्प अधिक मावते, दर एक अंश सेल्सिअसला सुमारे ७ टक्के, आणि त्यामुळे मोठ्या सरी अधिक मोठ्या होण्याकडे कल राहतो, एवढे विज्ञान पक्के आहे. त्यातून एका विशिष्ट पुरात त्याचा वाटा किती, हे सांगण्यासाठी स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. शिवाय पुलापाशी मोजलेली पाण्याची उंची ही केवळ पावसाची नसते. धरणांतून सोडलेले पाणी, पूररेषेतील बांधकामे आणि नदीचे आकसलेले पात्र हेही त्या फुटांत आलेले असते. कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा विषय मी येथे मुद्दाम काढत नाही, नाहीतर हा धागा दिवाळीपर्यंत चालेल.

शब्दवेडा (विश्रामबाग, सांगली)

भूगोलाचा भाग वर उत्तम झाला आहे, म्हणून मी शब्दांकडे वळतो, कारण या दोन शब्दांची मुळे पाहिली की, त्यांच्या वापरातले बरेच काही उलगडते.

'वेदर' हा इंग्रजीतला जुना, घरचा शब्द आहे. जर्मन भाषेतील 'वेटर' हा त्याचाच भाऊ. त्यात पहिल्यापासून वारा, वादळ, आभाळाची लहर असा भाव आहे. 'क्लायमेट' मात्र ग्रीक 'क्लिमा'वरून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे आला, आणि 'क्लिमा' म्हणजे उतार, कल. ग्रीक भूगोलवेत्त्यांनी पृथ्वीवर विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत एकापुढे एक असे पट्टे कल्पिले, त्यांना ते 'क्लिमा' म्हणत. सूर्याचे किरण कोणत्या कलाने पडतात त्यावर त्या पट्ट्याची ऊबथंडी ठरते, ही त्यामागील समजूत. म्हणजे हा शब्द जन्मापासून जागेचा आहे, तर 'वेदर' हा वेळेचा. येरळाकाठ यांनी विचारले होते की, फरक केवळ काळाच्या लांबीचा आहे का. माझे उत्तर असे की, काळ हा त्यातील निम्मा भाग आहे. 'क्लायमेट' म्हटले की, लगेच 'कोठले?' असा प्रश्न येतो, आणि 'वेदर' म्हटले की 'केव्हाचे?' असा. ही कसोटी मुलीला सांगून पाहावी, तिला ३० वर्षांच्या व्याख्येपेक्षा लवकर पटेल. (त्याच ग्रीक धातूपासून शिडी या अर्थाचा शब्द आणि त्यावरून 'क्लायमॅक्स' आला. त्यामुळे 'क्लायमॅटिक' आणि 'क्लायमॅक्टिक' यांत परीक्षेच्या वहीत जी भांडणे होतात ती एका घरातली समजावीत.)

व्याकरणातही हा फरक उतरला आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त चुका येथेच होतात. 'क्लायमेट' मोजता येतो, त्यामुळे त्याच्या आधी 'अ' हे इंग्रजी उपपद लागते आणि त्याचे अनेकवचनही होते. 'वेदर'ला नेहमीच्या वापरात तो 'अ' चालत नाही. थंड दिवशी पाचगणीला गेलेली आपली मंडळी 'व्हॉट अ नाइस वेदर' असे हमखास लिहितात. तेथे तो 'अ' काढावा लागतो, किंवा मग पाचगणीच्या एकंदर प्रकृतीबद्दल बोलायचे असेल तर शब्द बदलून 'अ' ठेवावा लागतो. 'वेदर' क्रियापद म्हणूनही वापरतात. संकटातून तग धरून बाहेर पडणे हा एक अर्थ, आणि ऊनपावसाने झिजणे, फुटणे हा दुसरा. खडकांच्या संदर्भात त्याला मराठीत 'विदारण' म्हणतात. आणि गंमत अशी की, पाचगणीच्या टेबललँडवर जो जांभा आहे, तो बेसॉल्टचे उष्ण आणि भरपूर पावसाच्या 'क्लायमेट'मध्ये दीर्घकाळ 'वेदरिंग' होऊन तयार झालेला आहे. दोन्ही शब्द एका पठारावर पाहायचे असतील तर तेथे जावे. लाक्षणिक अर्थाने मात्र 'क्लायमेट'च येतो. राजकीय 'क्लायमेट', गुंतवणुकीचा 'क्लायमेट' असे म्हणतात, आणि त्याला मराठीत आपण निःशंकपणे 'वातावरण' म्हणतो.

आता मराठीचा गोंधळ. 'हवामान' या शब्दातील 'हवा' अरबीतून फारसीमार्गे आलेली आणि 'मान' संस्कृत, म्हणजे माप. 'तापमान', 'पर्जन्यमान' यांच्याच घडणीचा हा शब्द आहे. शब्दशः पाहिले तर तो आजच्या मापालाही लागू आणि कायमच्या मापालाही, आणि त्यामुळेच तो दोन्हीकडे पसरला. हिंदीने 'मौसम' आणि 'जलवायु' अशी वाटणी करून प्रश्न मिटवला. आपल्याकडे तोच अरबी शब्द 'मोसम' होऊन हंगामाच्या अर्थाने स्थिरावला, आपण द्राक्षाचा मोसम म्हणतो, त्यामुळे तो 'वेदर'साठी मोकळा राहिला नाही. सरकारी मराठीत तर तिसराच प्रवाह आहे. वर्तमानपत्रे 'हवामान बदल' लिहितात, पण मंत्रालयातील विभागाचे नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' असे आहे. भूगोलाच्या पुस्तकात 'वातावरण' म्हणजे पृथ्वीभोवतीचे वायूंचे आवरण, कवठे महांकाळच्या बोलण्यात 'वातावरण' म्हणजे आजचे आभाळ, आणि विभागाच्या पाटीवर ते 'क्लायमेट'. एका शब्दावर किती ओझे घालावे यालाही मर्यादा असावी.

शालेय पुस्तकातील 'हवा' आणि 'हवामान' ही वाटणीही बोलण्यात टिकत नाही, हे महाबळेश्वरवरूनच दाखवता येते. आपण त्याला 'थंड हवेचे ठिकाण' म्हणतो. ही हवा आजची नाही, तेथील कायमची. पूर्वी डॉक्टर 'हवापालट' करायला सांगत, तीही एका 'क्लायमेट'मधून दुसऱ्यात जाण्याची सूचना असे. जुन्या मराठीत 'हवा' हा शब्द 'क्लायमेट'साठी सर्रास वापरला जात होता, असाच याचा अर्थ. त्यामुळे नुसते 'हवा' लिहिल्यास वाचक गोंधळेल, त्याला आधी एक विशेषण द्यावे लागेल.

माणदेशी (दहिवडी)

'हवापाणी' हा शब्द मलाही प्रिय आहे, परंतु छापील पत्रकात 'हवापाण्याची जोखीम' असे वाचले तर आमच्याकडील माणूस ते पोटाच्या विकाराबद्दल आहे असे समजेल. शब्दवेडा यांची जागा आणि वेळ ही कसोटीच वाक्यात उतरवावी. एकासमोर 'यंदाची' आणि दुसऱ्यासमोर 'आपल्या भागाचे' एवढे लिहिले तर काम भागते, नवा शब्द घडवायची गरज नाही.

बेदाणा शेड (कवठे महांकाळ)

पोटाच्या विकाराचा मुद्दा मान्य आहे. 'हवापाणी' मागे घेतो. शेडचे उदाहरण खुशाल घ्यावे.

येरळाकाठ (तासगाव)

सर्वांच्या सूचना एकत्र करून वाक्य असे केले आहे : 'यंदाच्या हवेची जोखीम वेगळी आणि आपल्या भागाच्या हवामानाची जोखीम वेगळी. मार्चमध्ये अवकाळी सर आली तर शेडचे पडदे सोडून आणि विमा उतरवून त्या वर्षीचे नुकसान कमी करता येते. पण अशा सरी वर्षामागून वर्षे येऊ लागल्या, तर छाटणी कधी घ्यायची, कोणता वाण लावायचा आणि शेड येथेच ठेवायचे का, याचा नव्याने विचार करावा लागतो.' मूळ एका वाक्याची तीन झाली, पण रात्री शेजारच्या दोन बागायतदारांना वाचून दाखवले तेव्हा 'म्हणजे काय?' असे कोणी विचारले नाही.

'हवा' शब्दाला सगळीकडे 'यंदाची', 'या आठवड्याची' किंवा 'त्या दिवशीची' असे काही ना काही जोडले आहे. विम्याच्या योजनेचे नाव अधिकृत असल्याने त्यातील 'हवामान' तसेच ठेवून अवतरणचिन्हांत घातले आहे आणि पुढे 'येथे केंद्रावर नोंदवलेली त्या दिवसांची हवा, असा अर्थ आहे' असे लिहिले आहे. मुलीला 'कोठले?' आणि 'केव्हाचे?' ही कसोटी सांगितली. तिने लगेच विचारले की, मग पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज सांगतात ते काय समजायचे, तीन महिने म्हणजे वेळ थोडा की फार. याचे उत्तर भूगोलवाल्या सरांकडून हवे आहे.

भूगोलवाला (सातारा)

मुलगी हुशार आहे. ऋतूचा अंदाज दोहोंच्या मधला असतो. तो अमुक दिवशी किती तापेल ते सांगत नाही, म्हणून तो रोजच्या अर्थाने 'वेदर'चा अंदाज नव्हे. आणि तो एकाच वर्षाच्या एकाच ऋतूबद्दल असतो, म्हणून तो 'क्लायमेट'ही नव्हे. विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागराचा पृष्ठभाग अधिक तापणे, म्हणजे एल निनो, किंवा अधिक थंड होणे, म्हणजे ला निना, हे महिनोन्‌महिने टिकते आणि त्याच्या आधारावर 'नेहमीपेक्षा अधिक उष्ण राहण्याची शक्यता इतकी' असे सांगितले जाते. त्यातील 'नेहमी' हा शब्द कोठून आला, ते तिला विचारावे.

येरळाकाठ (तासगाव)

विचारले. '१९९१ ते २०२०,' असे म्हणाली आणि वही मिटून झोपायला गेली. पत्रक सोमवारी छापायला जाईल.